भोक आधी, गोलाई नंतर : बौद्ध जपमाळेचे मणी घरी करताना

माळ तुटली की दोष दोऱ्याला दिला जातो. पण तुटलेलं टोक जवळून पाहिलं तर बहुतेक वेळा दोरा कुजलेला नसतो, कापलेला असतो. कापणारी धार असते मण्याच्या भोकाच्या तोंडाशी. स्वस्तातले मणी बाहेरून चकचकीत आणि आतून खरबरीत असतात. घरी मणी करण्यात खरा फायदा हाच, की भोक आपल्या हातात राहतं. म्हणून खालचं सगळं काम एका नियमावर बसवलं आहे : आधी भोक पाडायचं आणि मग त्याच भोकात काडी घालून मणी गोल करायचा. गोल मण्याला नंतर भोक पाडायला गेलं की ते मधोमध पडत नाही, मणी दोऱ्यावर एका बाजूला लोंबतो आणि माळेची ओळ वाकडी दिसते.

किती मणी आणि केवढे

पूर्ण माळ 108 मण्यांची, त्यावर एक गुरुमणी, म्हणजे दोऱ्याची दोन टोकं जिथे एकत्र येतात तिथला मोठा मणी. 108 या आकड्याचा धागा पाली ग्रंथांत मिळतो. संयुत्त निकायातल्या अट्ठसत सुत्तात 108 वेदना मोजल्या आहेत : सहा इंद्रियद्वारं, प्रत्येकाची सुखद, दुःखद आणि उपेक्षेची भावना, ती संसाराला धरून असलेली किंवा त्यागाला धरून असलेली, म्हणजे 36. त्या भूत, वर्तमान आणि भविष्य अशा तीन काळांत मिळून 108. त्रिसरण, पंचशील आणि बुद्धवंदनेला माळ लागत नाही, आणि आपल्याकडच्या बहुतेक बौद्ध घरांत ती नसतेही. माळेची रीत प्रामुख्याने तिबेटी, चिनी, जपानी परंपरांतली. तरी श्वास मोजायला किंवा ‘बुद्धं सरणं गच्छामि’ म्हणताना मन जागेवर ठेवायला ती चांगली सोबत करते.

तयार मणी 8 मिमीचा धरा. 108 मणी म्हणजे साधारण 86 सेंमी, गळ्यात घालायला आणि बोटांत धरायला दोन्हींना सोयीचं. हातात बांधायची माळ 27 मण्यांची करा, चार फेऱ्यांत 108 पुरे होतात. तिच्यासाठी मात्र मणी 7 मिमीचे हवेत. 27 मणी 8 मिमीचे ओवले तर आतला घेर सुमारे 19 सेंमी होतो आणि माळ मनगटावरून घसरते. 7 मिमीला तोच घेर साधारण साडेसोळा सेंमी येतो, मध्यम मनगटाला बरोबर.

लाकूड

कोल्हापुरात सहज मिळणाऱ्या लाकडांत पेरूचं लाकूड या कामाला सगळ्यात चांगलं. बारीक पोताचं, कठीण, घासल्यावर गुळगुळीत होणारं, आणि परसातल्या झाडाची छाटणी झाली की फुकट मिळणारं. चिकू आणि जुन्या चिंचेचा गाभा हेही उत्तम. शिसव सुंदर दिसतं, पण त्याच्या भुशाने अनेकांना शिंका आणि अंगाला खाज येते, तोंडाला मास्क बांधल्याशिवाय ते घासू नका. साग टिंबर मार्केटात तुकड्यांत मिळतो, मात्र त्याचे रंध्र मोठे असतात आणि त्यातल्या वाळूसारख्या कणांनी ड्रिलची धार लवकर जाते.

पिंपळाबद्दल बरेच जण विचारतात. भगवान बुद्धांना बोधगयेला ज्या झाडाखाली बोधी प्राप्त झाली ते पिंपळाचं, म्हणून ओढ साहजिक आहे. पण हे लाकूड मऊ आणि तंतुमय. 8 मिमीच्या मण्यावर लव उठते आणि भोकाची कड दाबली जाते. आपोआप पडलेल्या फांदीचा एक गुरुमणी करा, बाकीचे मणी पेरूचे. त्यासाठी झाड तोडू नका. ‘बोधीबीज’ म्हणून विकले जाणारे मणीही पिंपळाचे नसतात, पिंपळाची बी मोहरीपेक्षा लहान असते. नेपाळमधल्या काव्रे भागातून येणारे ते प्रसिद्ध मणी बोरीच्या कुळातल्या एका झाडाच्या आठळ्यांचे आहेत.

चंदन घ्यायचं तर पावतीसह आणि खात्रीच्या ठिकाणाहून. पांढऱ्या लाकडाला अत्तर लावून विकण्याची फसवणूक जुनी आहे. तुकडा मधून कापून आतला वास घ्या. खऱ्या चंदनाचा वास आत जास्त असतो, लावलेल्या अत्तराचा आत कमी होतो.

लाकूड पूर्ण वाळलेलं हवं. ओल्या लाकडात पाडलेलं गोल भोक वाळताना लांबट होतं, आणि मणीही. छाटलेल्या फांदीच्या 12 मिमी चौरस पट्ट्या काढा, दोन्ही टोकांना वितळलेलं मेण लावा (टोकं आधी वाळतात आणि तिथूनच चिरा पडतात) आणि सावलीत, हवा खेळेल अशा ठेवा. आठवड्यातून एकदा स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर वजन करा. लागोपाठ दोन आठवडे तेच वजन आलं की लाकूड तयार. कोल्हापूरच्या पावसात, जून ते सप्टेंबर, हे वजन स्थिर होतच नाही, हवेतली ओल लाकूड पुन्हा ओढून घेतं. काम दसऱ्यानंतर सुरू केलेलं बरं.

साहित्य

वाळलेल्या पट्ट्या रंधून नेमक्या 10 मिमी चौरस करून घ्या. 30 सेंमीच्या सहा काठ्या पुरतात. एका काठीतून सुमारे 22 तुकडे निघतात, म्हणजे 132. त्यातले वीसेक वाया जाणार हे गृहीत धरा.

वेग कमी-जास्त करता येणारं हँडड्रिल आणि त्याचा स्टँड, 2 मिमीचे तीन-चार ड्रिल बिट, एक 5 मिमीचा बिट, छोटा व्हाइस, 32 दाती ब्लेडची हॅकसॉ, 80, 150, 240 आणि 400 नंबरचे पॉलिश पेपर, बांबूच्या कबाबाच्या काड्या, कापूस. हे सगळं कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात एका फेरीत मिळतं. तिथल्याच एखाद्या मशीन शॉपमधून 3 मिमी जाड ॲक्रिलिकच्या पट्टीला दोन भोकं पाडून घ्या, एक 8.1 मिमीचं आणि दुसरं 7.7 मिमीचं. हे तुमचं गो-नो गो गेज. मोठ्या भोकातून मणी गेला पाहिजे, लहानातून जाता कामा नये. कॅलिपरने प्रत्येक मणी मोजण्यापेक्षा हे दहापट सोपं.

भोक

मण्याचं भोक लाकडाच्या रेषांच्या दिशेने असावं, आडवं नको. कारण घासताना कळतं. भोक रेषांबरोबर असलं की फिरणाऱ्या मण्याची सगळी बाजू सारखी झिजते. आडवं असलं तर दोन बाजूंना रेषांची टोकं येतात, ती कठीण, आणि मधल्या बाजू मऊ. पेपर मऊ बाजू जास्त खातो आणि मणी अंडाकृती होतो. कितीही घासा, तो गोल येत नाही.

काठी व्हाइसमध्ये उभी पकडा. वरच्या तोंडावर दोन कर्ण आखा, छेदाच्या ठिकाणी टोकदार खिळ्याने खूण दाबा. खूण केली नाही तर 2 मिमीचा बिट रेषेवरून सरकतो. बिटवर 13 मिमीच्या अंतरावर सेलोटेप गुंडाळा आणि टेपपर्यंत भोक पाडा. घाई नको : चार मिमी आत, बाहेर काढा, भुसा झटका, पुन्हा चार मिमी. भुसा आत अडकला की बिट तापतो, लाकूड करपतं आणि बिट रेषेच्या ओढीने वाकडा जातो. जळका वास आला की ड्रिल थांबवाच.

आता काठी आडवी करून टोकापासून 10 मिमीवर कापा. काटकोनात कापण्यासाठी खाच पाडलेला लाकडी ठोकळा वापरा आणि त्याला 10 मिमीवर एक अडसर ठोका, म्हणजे सगळे तुकडे एकसारखे निघतील. करवतीने सुमारे 1 मिमी खाल्ला तरी काठीत 2 मिमी खोल भोक उरतं. तेच पुढच्या मण्याचं केंद्र. दर चौथ्या मण्याला कर्ण पुन्हा आखून पाहा, कारण थोडाथोडा कल साठत जातो. भोक मधून अर्धा मिमी सरकलं असेल तर काठीचा तेवढा भाग कापून टाका आणि नव्याने खूण करा. या पद्धतीत सुटा तुकडा बोटांनी धरून ड्रिल करावा लागत नाही, आणि भोक दुसऱ्या बाजूने फुटून कपचा उडण्याचा प्रश्नही राहत नाही.

मग भोकाच्या दोन्ही तोंडांची कड मोडायची. 5 मिमीचा बिट मशीनला न लावता हातात धरा, भोकावर टेका आणि दोन वेढे फिरवा. एवढंच. मशीनने केलं तर खळगा खोल होतो आणि दोन मणी शेजारी आल्यावर मधे फट दिसते.

कापसाची चाचणी प्रत्येक मण्याला करा. कापसाची बारीक वात वळून भोकातून एकदा या बाजूने, एकदा त्या बाजूने ओढा. वात सहज निघाली आणि मागे तंतू राहिले नाहीत तर भोक साफ. तोंडाशी पांढरे तंतू अडकून राहिले तर नेमकी तिथेच कुसळ आहे. उजेडाकडे धरून पाहिलं तर केसाएवढं एखादंच कुसळ दिसतं. तेच कुसळ पुढे दोऱ्याला महिनोन्महिने कापत राहणार. 240 चा पेपर अरुंद पट्टीत कापून वळा, भोकातून चार-पाच वेळा ओढा आणि पुन्हा वात घाला.

गोलाई

बांबूची काडी ड्रिलमध्ये धरून 150 च्या पेपरने टोकाकडे किंचित निमुळती करा, इतकी की तुकडा पाऊण अंतरावर घट्ट बसेल. काडी चकच्या (ड्रिलच्या पकडणाऱ्या तोंडाच्या) बाहेर दोन सेंमीपेक्षा जास्त नको, नाहीतर ती थरथरते आणि मणी लंबगोल होतो. लोखंडी तारही चालेल असं वाटतं, पण तार भोक आतून ओरबाडते. बांबू मऊ असल्याने तो भोकाला धरून बसतो. काडी सैल झाली की फेकून नवी घ्या.

काडीवर चढवण्याआधी तुकड्याच्या चार लांब कडा 80 च्या पेपरवर हातानेच घासून मोडा, म्हणजे आठ बाजू होतील. थेट चौकोनी तुकडा फिरवला तर कोपरे पेपरला झटके देतात आणि काडी मोडते. मग ड्रिल आडवं घट्ट बांधा, वेग मध्यम ठेवा, आणि 80 च्या पेपरची दोन बोटं रुंद पट्टी फिरणाऱ्या मण्याखाली झोळीसारखी धरून आधी भोकाकडचे दोन खांदे उतरवा, पोट शेवटी. पट्टी बोटाला गुंडाळू नका. बहुतेक जण पोटच आधी घासतात, आणि मग मणी 8 मिमीच्या खाली जातो तरी खांदे चौकोनी राहतात.

8.3 मिमीच्या आसपास आला की 150 घ्या, मग 240, मग 400. मणी मोठ्या भोकातून जायला लागला की थांबा. लहान भोकातूनही गेला तर तो बाजूला ठेवा, हातातल्या लहान माळेला किंवा फुंदक्याच्या (गोंड्याच्या) टोकाला उपयोगी पडेल. 400 नंतर मणी ओल्या फडक्याने पुसा आणि वाळू द्या. दबलेले तंतू वर उठतात. मग 400 पुन्हा एकदा हलक्या हाताने. ही पायरी गाळली तर तळहाताच्या घामाने तीच लव महिन्याभरात उठते.

एका मण्याला सगळं धरून पाच-सहा मिनिटं लागतात. एका बैठकीत वीसच्या पुढे जाऊ नका, हात दमला की मणी लहान व्हायला लागतात.

रिठ्याच्या बिया

ड्रिल चालवायला घरात जागा नसेल किंवा पहिल्यांदाच करत असाल तर रिठे घ्या. त्याला बौद्ध परंपरेचा स्पष्ट आधार आहे. चिनी भाषेत टिकून राहिलेल्या एका छोट्या सूत्रात राजाला 108 रिठ्याच्या बिया ओवून त्या सदैव जवळ ठेवायला आणि बुद्ध, धर्म, संघ यांचं नाव घेत एकेक बी सरकवायला सांगितलं आहे. बी मुळातच गोल, काळी आणि कठीण, तेव्हा घासायचं काम उरतच नाही.

काष्ठौषधीच्या दुकानातून अर्धा किलो अख्खे रिठे आणा, हलवून पाहा, आत बी वाजली पाहिजे. बी काढलेली टरफलं कामाची नाहीत. रात्रभर कोमट पाण्यात भिजवा, सकाळी चोळून गर काढा (फेस डोळ्यांत जाऊ देऊ नका, फार चुरचुरतो) आणि बिया सावलीत आठवडाभर वाळवा. बीच्या एका टोकाला फळाला चिकटलेली खरबरीत जागा असते. ती चाकूने साफ करा आणि तिथूनच सरळ समोरच्या टोकाकडे भोक पाडा. गुळगुळीत बाजूने सुरुवात केली तर बिट सटकतो. बी बोटांत नाही, दोन लाकडी पट्ट्यांच्या खाचेत धरून व्हाइसमध्ये आवळा, आणि अलगद आवळा, कवच ताणाने तडकतं. आतला गाभा तेलकट असतो. त्याचा चुरा वाकवलेल्या तारेने काढून टाका, नाहीतर दोऱ्याला तेल लागतं आणि किडे येतात. पुन्हा आठवडाभर उघड्यावर वाळू द्या.

रिठ्याच्या बिया लहान-मोठ्या निघतात, म्हणून शंभर-सव्वाशेऐवजी दीडशे तयार करा आणि गेजसारख्याच भोकांनी निवडा. 11 मिमीच्या 108 बियांची लांबी जवळजवळ 1.2 मीटर होते. जड वाटली तर 54 ची माळ करा. या बियांना तेल लावायची गरज नाही, फडक्याने घासा, पुढची चमक हातातच येते.

गुरुमणी

12 मिमीचा मणी, त्यात इंग्रजी टी अक्षरासारखं भोक. आडवं 2 मिमीचं आरपार आधी पाडा, मग खालून 3 मिमीचं फक्त मधापर्यंत. क्रम उलटा केला तर आडवा बिट मोकळ्या जागेत जाऊन वाकतो. दोऱ्याची दोन टोकं दोन बाजूंनी आत येतात आणि खालून एकत्र बाहेर पडतात. त्याखाली 10 मिमी उंचीचा चैत्याच्या आकाराचा निमुळता मणी घाला, तो गाठ झाकतो. जप करताना गुरुमणी ओलांडायचा नाही, तिथून माळ उलटी फिरवायची, ही रीत. बोटांना डोळे मिटूनही तो कळावा म्हणून तो मोठा असतो.

तेल आणि मेण

30 ग्रॅम कच्चं जवसाचं तेल आणि 10 ग्रॅम मधमाश्यांचं मेण, गरम पाण्याच्या भांड्यात दुसरं भांडं ठेवून वितळवा. मणी तारेत ओवून कोमट मिश्रणात बुडवा, पाच मिनिटांनी काढा, फडक्याने कोरडे पुसा आणि हवेशीर जागी टांगा. हिवाळ्यात दोन-तीन आठवड्यांत बोटाला चिकटेनासे होतात. खोबरेल लावू नका, ते कधीच वाळून घट्ट होत नाही, त्यावर मळ बसतो. रंगाच्या दुकानातलं डबल बॉइल्ड तेल लवकर वाळतं, पण त्यात वाळवणारी रसायनं मिसळलेली असतात, रोज हातात धरायच्या वस्तूला ते नको. व्हार्निशचा पापुद्रा दोन मणी जिथे एकमेकांना घासतात तिथून निघतो. चंदनाला काहीच लावू नका, वास दबतो.

तेल पुसलेली फडकी बोळा करून टाकू नका. जवसाचं तेल वाळताना तापतं आणि चुरगळलेलं फडकं आपोआप पेटू शकतं. ती उघडी पसरून वाळवा किंवा पाण्यात भिजवून टाका.

ओवणं

मेण लावलेला 0.8 मिमीचा नायलॉन किंवा पॉलिएस्टर दोरा घ्या. कोल्हापूरच्या गुजरीत पटवेकऱ्यांकडे (दागिने ओवून देणाऱ्यांकडे) रेशमी दोरा चांगला मिळतो, आणि फुंदका बांधून हवा असेल तर त्यांच्यासारखा हात दुसऱ्याचा नाही. दोऱ्याच्या टोकाला दोन सेंमी फेव्हिक्विक लावा, वाळल्यावर तिरकं कापा, सुईची गरज पडत नाही.

गाठींशिवाय ओवायची असेल तर दीड मीटर दोरा पुरतो. माळ ताठ आवळू नका, तीन-चार सेंमी मोकळं ठेवा. बोटाखालचा मणी सरकवायला जागा हवी, आणि पावसाळ्यात लाकूड फुगतं तेव्हा दोऱ्यावर ताण येत नाही. प्रत्येक मण्यानंतर गाठ हवी असेल तर तीन मीटर घ्या, कारण एक गाठ सुमारे एक सेंमी दोरा खाते. पण मग भोक 2 नाही, दीड मिमीचंच पाडा आणि काडी त्या मापाची करा. 0.8 मिमी दोऱ्याची साधी गाठ 2 मिमीच्या भोकात, त्यातही कड मोडलेल्या तोंडात, सहज बुडते आणि सगळी मेहनत वाया जाते. गाठ मण्याला भिडवायला सैल फासात जाड सुई घाला, सुईने फास मण्यापर्यंत ढकला, मग सुई काढून ओढा.

27, 54 आणि 81 नंतर वेगळ्या रंगाचा मणी घालण्याची पद्धत आहे. तो 108 मध्ये धरायचा की वेगळा, हे ओवायच्या आधी ठरवा. तिबेटी माळेला दहा-दहा लहान मण्यांच्या दोन दोऱ्या, वज्र आणि घंटेसह, फेऱ्या मोजायला लावतात. तिथे 108 ची फेरी 100 मोजतात, वरचे आठ चुकांसाठी. अशा माळा पाहायच्या असतील तर कर्नाटकातल्या मुंडगोडची तिबेटी वसाहत कोल्हापूरहून एका दिवसाच्या अंतरावर आहे.

इलास्टिक दोरा 108 मण्यांच्या माळेला वापरू नका, वजनाने तो सैल पडतो आणि मण्यांमध्ये फटी दिसायला लागतात. मनगटाच्या माळेला चालेल, पण दोन पदरी.

रोज वापरातली माळ वर्षातून एकदा उसवा आणि दोरा बदला. गुरुमण्याच्या दोन्ही बाजूंचे चार-पाच मणी हातात घेऊन त्यांच्या भोकांतून कापसाची वात पुन्हा ओढा, दोरा सगळ्यात आधी तिथेच झिजतो.